शाकाहारी पबमध्ये मित्रांसोबत दुपारचं जेवण कसं आखावं

ब्रिटनमध्ये राहायला आलं की पहिल्या काही महिन्यांतच कुणीतरी म्हणतं, ‘रविवारी पबमध्ये जेवायला भेटू या.’ शाकाहारी माणसाच्या पोटात तेव्हा थोडं कसंनुसं होतं. मेन्यूच्या तळाशी हिरव्या पानाचं चित्र काढलेले दोन पदार्थ असणार, त्यातला एक संपलेला असणार आणि उरलेल्याबद्दल आपण चार प्रश्न विचारेपर्यंत बाकीच्यांचे पेले अर्धे झालेले असणार. मी अशी कितीतरी जेवणं चिप्सच्या वाडग्यावर काढली. एका पबमध्ये तर अर्ध्या चिप्स खाऊन झाल्यावर कळलं, त्या मासे तळलेल्या तेलातच तळल्या होत्या.

म्हणून पहिल्यांदा शाकाहारी पबमध्ये बसलो तो दिवस मला नीट आठवतो. मेन्यू वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यातलं काहीही मागवता येणार होतं. माझ्या शेजारी बसलेला मांसाहारी मित्र विचारत होता, ‘यातलं काय चांगलं लागेल?’ ते सांगण्याचा मान माझ्याकडे आला होता.

तेव्हापासून अशी बरीच जेवणं मी जमवली आणि काही वेळा ठेचही लागली. कारण ‘शाकाहारी’ या शब्दाचा तिथला अर्थ आणि आपल्या घरातला अर्थ एक नाही. तिथे अंडं शाकाहारात मोडतं. चीज कशाने विरजलं याची चौकशी करावी लागते. आणि ताटात मांस नसलं तरी पेल्यातल्या बिअरमध्ये माशाचा हात लागलेला असू शकतो. हे प्रश्न जेवण जमवणाऱ्याने आधीच सोडवून ठेवले, तर टेबलावर कुणालाही आपलं पथ्य समजावत बसावं लागत नाही. पुढचं सगळं त्यासाठी.

आधी मंडळींना विचारून घ्या

जागा ठरवण्याआधी गटातल्या प्रत्येकाला वेगळा, खाजगी निरोप टाका. सगळ्यांच्या ग्रुपवर ‘कुणाला काही चालत नाही का?’ असं विचारलं की संकोची माणूस ‘मला काहीही चालेल’ म्हणून मोकळा होतो आणि त्या दिवशी नुसता पाव खातो.

विचारायचं ते नेमकं विचारा. अंडं चालतं का, आणि केकमध्ये किंवा पिठात मिसळलेलं असलं तर? बरेच लोक आम्लेट खात नाहीत पण केक खातात, आणि काही जण दोन्ही टाळतात. वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनवलेलं चीज चालतं का? कांदा-लसूण, कंदमुळं? पदार्थात शिजलेलं मद्य? हा शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. पबच्या स्वयंपाकघरात मशरूम पायच्या रश्श्यात एल बिअर ओततात आणि सॉसमध्ये वाइन घालतात. दारूला स्पर्श न करणाऱ्या मित्राला हे पहिल्या घासानंतर कळणं वाईट.

ॲलर्जी आहे का, हे मात्र पथ्यापासून वेगळं काढून विचारा. त्याचं वजन वेगळं आहे. पदार्थावर ‘व्हीगन’ लिहिलेलं असलं म्हणजे त्यात दुधाचा किंवा अंड्याचा अंश चुकूनही येणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओट्यावर दोन्ही शिजत असतं. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाने व्हीगन शब्दावर विसंबू नये. स्वयंपाकघराशी थेट बोलावं.

मांसाहारी मित्रांना जागा पूर्ण शाकाहारी आहे हे आधी सांगा. लपवून नेऊन ‘बघ, कळलंसुद्धा नाही ना!’ म्हणायची हौस काहींना असते. ते करू नका. आवडीने आलेला माणूस आवडीने खातो.

जागा निवडणं

‘शाकाहारी पब’ म्हणून मिळणाऱ्या जागा तीन तऱ्हांच्या असतात. पहिली, जिथे स्वयंपाकघरात मांस-मासे येतच नाहीत पण अंडी, दूध, चीज असतं. दुसरी, पूर्ण व्हीगन, म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही, मधसुद्धा नाही. तिसरी म्हणजे नेहमीचा पब, ज्याने शाकाहारी मेन्यू मोठा केला आहे. ही तिसरी तऱ्हा चांगली असू शकते, पण तिथे तळणीचा आणि तव्याचा प्रश्न उरतोच.

ब्रिटिश कायद्यात ‘शाकाहारी’ आणि ‘व्हीगन’ या शब्दांची व्याख्या नाही. पब जे म्हणेल ते त्याच्या शब्दावर घ्यायचं असतं. व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ साली रॅम्सगेटला स्थापन झाली, व्हीगन सोसायटी १९४४ साली. या दोन्ही संस्थांची मान्यताचिन्हं पदार्थावर किंवा बाटलीवर दिसली तर भरवसा ठेवायला आधार मिळतो. एरवी विचारणं हाच मार्ग.

अंडं टाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी माझा स्पष्ट सल्ला आहे: पूर्ण व्हीगन पब शोधा. शाकाहारी पबमध्ये यॉर्कशर पुडिंगपासून मेयोनेजपर्यंत अंडं जागोजागी भेटतं. व्हीगन पबमध्ये अंडं आणि रेनेट हे दोन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात. उरतो फक्त कांदा-लसणाचा. चीजची चव थोडी वेगळी लागते, ती किंमत मला मान्य आहे.

ग्लासगोत या बाबतीत चैन आहे. किंग्ज कोर्टमधलं ‘मोनो’ हा व्हीगन कॅफे-बार आहे आणि त्याच छताखाली ‘मोनोरेल’ नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे, त्यामुळे टेबल मिळेपर्यंत वेळ कसा जातो कळत नाही. रेनफील्ड लेनमधलं ‘स्टीरिओ’ हेही व्हीगन, आणि ते ज्या इमारतीत आहे ती वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशने ‘डेली रेकॉर्ड’ वृत्तपत्रासाठी रचलेली. ब्रायटनमध्ये ट्रॅफल्गर स्ट्रीटवरचा ‘प्रिन्स जॉर्ज’ शाकाहारी जेवणासाठी ओळखला जातो. ऑक्सफर्डमध्ये ‘गार्डनर्स आर्म्स’ प्रसिद्ध आहे, पण जपून. त्या नावाचे दोन पब एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शाकाहारी म्हणून नाव झालं ते प्लँटेशन रोडवरच्या पबचं. दुसरा नॉर्थ परेडवर आहे. मित्रांना नुसतं पबचं नाव पाठवू नका, पोस्टकोड पाठवा. ब्रिटनमध्ये ‘रेड लायन’ आणि ‘क्राउन’ नावाचे पब गावोगावी आहेत, त्यामुळे हा नियम सगळीकडेच पाळावा.

अशा जागा बदलतातही. लंडनच्या सोहोतला ‘कोच अँड हॉर्सेस’ काही वर्षं शाकाहारी पब होता; २०१९ मध्ये चालवणारे बदलले. होमर्टनचा ‘स्प्रेड ईगल’ २०१८ साली पूर्ण व्हीगन झाला तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. पण पबचा भाडेकरार, आचारी किंवा मालक बदलला की मेन्यूही बदलू शकतो. जुन्या यादीवर विसंबून सहा जणांना ट्रेनने आणू नका. त्या आठवड्यातला मेन्यू पबच्या संकेतस्थळावर पाहा आणि एक फोन करा.

फोनवर काय बोलायचं

फोन दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, फोन उचलणारा घाईत नसतो, आणि नशीब असेल तर आचारी शेजारीच उभा असतो.

टेबल किती जणांचं, कोणत्या वेळी, हे सांगितल्यावर तीन गोष्टी विचारा. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? कोणत्या पदार्थांत अंडं नाही? आणि पिंपातल्या बिअरपैकी कोणत्या व्हीगन आहेत? गट मोठा असेल तर काही ठिकाणी अनामत मागतात आणि पदार्थ आधी निवडून कळवायला सांगतात. त्यात वाईट काही नाही, उलट जेवण वेळेवर येतं.

स्वयंपाकघराच्या वेळेबद्दल विशेष सांगतो. १९८८ पर्यंत (रविवारी तर १९९५ पर्यंत) इंग्लंडमधल्या पबना दुपारी काही तास दार लावून घ्यावं लागत असे. तो नियम गेला, दार आता दिवसभर उघडं असतं, पण चूल अजूनही बऱ्याच ठिकाणी अडीच-तीनला विझते आणि संध्याकाळीच पेटते. आपल्याकडे रविवारचं जेवण अडीच वाजता सुरू व्हायला हरकत नसते. तिथे अडीचला पोचलात तर शेंगदाण्यांच्या पाकिटावर भागवावं लागेल. साडेबाराचं टेबल घ्या आणि मित्रांना सव्वाबारा सांगा.

दिवस कोणता घ्यावा? रविवारी भाजलेल्या जेवणाचं पूर्ण ताट, ज्याला ‘संडे रोस्ट’ म्हणतात, ते मिळतं. वातावरण सणाचं असतं, पण आवाज आणि गर्दीही तेवढीच. बरेच दिवसांनी भेटणारे मित्र असतील आणि बोलायचं खूप असेल, तर शनिवारी साडेबारा किंवा सुट्टी टाकून आठवड्यातली एखादी दुपार निवडा. रविवारचं ताट हवंच असेल तर आरक्षण करताना ‘सहा नट रोस्ट ठेवा’ असं सांगून ठेवा. नट रोस्ट म्हणजे त्या ताटात मांसाच्या जागी येणारा सुक्या मेव्याचा भाजलेला पदार्थ. तो मोजून केलेला असतो आणि दीड वाजेपर्यंत संपू शकतो.

पोचल्यावर

बऱ्याच पबमध्ये तुम्हाला टेबलापर्यंत कुणी नेत नाही आणि ऑर्डर घ्यायलाही येत नाही. नव्याने गेलेले आपले लोक अर्धा तास वाट बघत बसतात आणि दुर्लक्ष झालं म्हणून नाराज होतात. पद्धत अशी: आत जा, काउंटरवर आरक्षणाचं नाव सांगा, टेबल पाहून घ्या. टेबलावर नंबर कोरलेला किंवा चिकटवलेला असतो, तो लक्षात ठेवा. मग एक-दोघांनी काउंटरवर जाऊन खाणं-पिणं सांगायचं. काही ठिकाणी टेबलावरच्या क्यूआर कोडवरूनही मागवता येतं, पण पथ्याचे प्रश्न असतील तर माणसाशीच बोला.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. कुणाच्या आधी कोण आलं हे सगळ्यांच्या मनात असतं. तुमच्याआधी उभा असलेला मागे राहिला आणि तुम्हाला विचारलं गेलं, तर ‘आधी हे होते’ म्हणा. नोटा हलवणं, चुटकी वाजवणं, हाक मारणं हे तिथे फार उद्धट समजतात. नजर भिडली की पुरे.

वयाचा पुरावा सोबत ठेवायला तरुण मंडळींना सांगा. मद्य विकत घ्यायचं वय १८ आहे, पण २५ पेक्षा लहान दिसणाऱ्याकडे ओळखपत्र मागायची प्रथा बहुतेक पब पाळतात. पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. मुलं सोबत असतील तर कोणत्या वेळेपर्यंत चालतात ते फोनवरच विचारून घ्या.

पेल्यात काय आहे

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाकाहारी माणसाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते, आणि तीही शाकाहारी पबमध्ये.

पिंपात मुरणाऱ्या पारंपरिक एलमध्ये यीस्टचा गाळ असतो. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो आणि गाळ तळाशी बसतो, तसं तिथे आयसिंग्लास वापरतात. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या वाताशयापासून काढलेलं कोलॅजन. ते यीस्टला धरून खाली बसतं आणि वरची बिअर नितळ होते. बहुतेक आयसिंग्लास गाळासोबत पिंपाच्या तळाशी राहतं हे खरं, पण प्रक्रियेत मासा वापरला गेला हेही खरं. काही शाकाहारी पब जेवण शुद्ध शाकाहारी ठेवतात आणि बिअर मात्र आसपासच्या ब्रुअरीकडून येईल ती विकतात.

ॲलर्जीच्या तक्त्यावर हे सापडत नाही. मासा हा नोंद करावीच लागणाऱ्या १४ ॲलर्जी-घटकांपैकी एक आहे, पण बिअर आणि वाइन नितळ करायला वापरलेल्या आयसिंग्लासला त्यातून सूट आहे. म्हणजे तक्ता पाहून ‘मासा नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. विचारावंच लागतं, आणि विचारायचा शब्द ‘शाकाहारी आहे का?’ असा नसावा. ‘ही बिअर व्हीगन आहे का?’ असं विचारा. काउंटरवरच्या माणसाला हा प्रश्न रोजचा असतो आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. मद्यपेयांची नोंद ठेवणारं ‘बार्निव्होर’ हे संकेतस्थळही आहे. नाव टाकलं की कोणती बिअर व्हीगन ते दिसतं.

थोडी उजळणी पाठ असली की काम सोपं होतं. हाताने ओढायच्या लांब दांड्यातून येते ती पिंपातली जिवंत एल; शंका तिथे जास्त. छोट्या नळातून येणारी लागर बऱ्याचदा यंत्राने गाळलेली असते, त्यामुळे शंका कमी. ‘अनफाइंड’ लिहिलेलं दिसलं तर नितळ करायला काहीच घातलेलं नाही, बिअर धुकट दिसेल आणि ते तसंच असायला हवं. ब्रिस्टलच्या मूर या ब्रुअरीने अशा धुकट बिअरचा हट्ट धरला आणि तो लोकांच्या गळी उतरवला. गिनेस या काळ्या आयरिश बिअरमध्ये अनेक दशकं आयसिंग्लास वापरत होते. २०१५ साली कंपनीने ते सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या काही वर्षांत आधी पिंपातली, मग बाटली आणि कॅनमधली गिनेस त्यातून मोकळी झाली. ‘मिल्क स्टाउट’मध्ये दुधाची साखर असते. आपल्याला चालेल, व्हीगन मित्राला नाही.

वाइनही याच वाटेने जाते. ती नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा आयसिंग्लास वापरतात. अंडं-दुधाचा अंश उरला असेल तर बाटलीवर लिहिणं बंधनकारक आहे. जिलेटिन किंवा आयसिंग्लासबद्दल बाटली गप्प असू शकते. व्हीगन चिन्ह शोधा.

मापांचंही सांगून ठेवतो. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, दुपारच्या जेवणाला तो बराच होतो. अर्धा मागायला कुणी कमी लेखत नाही, आणि दोन-तीन बिअर चाखायच्या असतील तर एक तृतीयांश पाइंटही कायद्याने मान्य माप आहे. वाइन १२५ किंवा १७५ मिलिलिटरची मिळते. काही न सांगता ‘एक ग्लास’ म्हणालात तर मोठा येण्याची शक्यता अधिक, म्हणून आकडा सांगा. गाडी चालवणाऱ्याने प्यायचीच नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. कायद्याची मर्यादा इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. सीमेपलीकडे गेलात तर हिशेब बदलतो.

न पिणाऱ्या मित्राकडे पाण्याचा पेला सरकवून विषय संपवू नका. त्याच्यासाठीही काही छान शोधा. आलं घातलेली जिंजर बिअर, एल्डरफ्लॉवरचं सरबत, सोड्यात लाइम कॉर्डियल. जिंजर बिअरच्या काही ब्रँडमध्ये मद्य असतं, म्हणून नाव पाहून घ्या. ‘लेमोनेड’ मागितलं की फसफसणारं गोड पेय येतं, आपलं लिंबू सरबत नाही. आणि ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाची दारू, रस नव्हे. एका पाहुण्या मावशींना मी अगदी शेवटच्या क्षणी थांबवलं होतं. पिण्याचं साधं पाणी मागितलं तर पबला ते फुकट द्यावं लागतं.

ऑर्डरमध्ये गिनेस असेल तर ती सगळ्यात आधी सांगा. ती दोन टप्प्यांत भरतात, मध्ये फेस बसू देतात आणि त्याला दोनेक मिनिटं लागतात.

ताटात काय घ्यायचं

पहिल्यांदाच जाणार असाल आणि रविवार असेल तर नट रोस्ट घ्या. काजू, अक्रोड, चेस्टनट असं काहीबाही, पावाचा चुरा, मसूर किंवा मशरूम, कांदा आणि सेज-थाइमसारखी पानं एकत्र करून पावाच्या साच्यात भाजतात आणि जाड वड्या कापतात. सोबत भाजलेले बटाटे, पार्सनिप, गाजर, लाल कोबी आणि वरून दाट ग्रेव्ही. चांगला नट रोस्ट बाहेरून करकरीत आणि आत ओलसर असतो. कोरडा आला तर जास्तीची ग्रेव्ही मागा, बिनदिक्कत देतात. मिश्रण बांधायला बऱ्याचदा अंडं घालतात, हे विचारून घ्या. ताटातलं फुगलेलं वाटीसारखं यॉर्कशर पुडिंग म्हणजे मैदा, दूध आणि अंडं यांचं सरबरीत पीठ कडक तापलेल्या तेलात फुलवलेलं. अंडं न खाणाऱ्याने ते शेजाऱ्याला द्यावं आणि बदल्यात त्याचे दोन बटाटे घ्यावेत.

इतर दिवशी ‘प्लाउमन्स लंच’ पाहा, म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण. चीजचा जाड तुकडा, पाव, गोडसर-आंबट पिकल, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंदाच्या फोडी. भाकरी-कांदा-ठेच्याच्या न्याहारीशी त्याचं नातं मला पहिल्याच घासात जाणवलं. नाव मात्र फार प्राचीन नाही. शेतकरी पाव-चीज शेकडो वर्षं खात आलेच, पण हे नाव मेन्यूवर रूढ झालं ते १९५० आणि ६० च्या दशकांत, चीज आणि दूध विकणाऱ्या संघटनांच्या प्रचारातून.

वेल्सकडे किंवा वेल्श आचारी असेल तिथे ग्लॅमॉर्गन सॉसेज सोडू नका: केरफिली चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचे लांबट कबाब. स्कॉटलंडमध्ये शाकाहारी हॅगिस (एरवीचं हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं असतं). मॅक्स्वीन या एडिनबरोच्या खाटिक घराण्याने ते १९८४ साली स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी पहिल्यांदा केलं. ओट, मसूर, राजमा, बिया आणि भरपूर मिरी. तिखटाची सवय असलेल्या जिभेला ब्रिटिश जेवणात जे हवं असतं, ते इथे सापडतं.

‘फिश अँड चिप्स’मध्ये माशाच्या जागी टोफू किंवा केळफूल पिठात बुडवून तळलेलं असतं. केळफूल निवडा. आपल्याकडे ते निवडायला अर्धी दुपार जाते. तिथे ते डब्यातून येतं आणि त्याचे पदर तळल्यावर सुटे होतात, खायला मजा येते.

क्वॉर्न नावाचा पदार्थ मेन्यूवर दिसेल. बुरशीपासून केलेलं हे प्रथिन १९८५ पासून बाजारात आहे. नेहमीच्या क्वॉर्नमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, व्हीगन क्वॉर्न वेगळं मिळतं. नकली मांस ज्यांना बघवत नाही अशांना आग्रह करू नका. माझी आई रक्तासारखा बीटरस सुटणारा बर्गर पाहून उठून गेली होती, आणि तिचं बरोबर होतं. मशरूम पाय, सूप, भाजलेल्या भाज्या असं भाजीसारखं दिसणारं काही नेहमीच असतं.

अंडं शोधायची एक सोपी युक्ती आहे. अंडं आणि दूध दोन्ही त्या १४ घटकांत आहेत. म्हणून ‘ॲलर्जीचा तक्ता दाखवता का?’ असं विचारा आणि अंड्याच्या रकान्यात बोट फिरवा. आचाऱ्याला बोलावण्याआधी निम्मी उत्तरं मिळतात. कांदा आणि लसूण मात्र त्या यादीत नाहीत, त्यामुळे जैन मित्रासाठी तोंडानेच विचारावं लागेल, तेही आदल्या दिवशी. ग्रेव्ही, सूप आणि नट रोस्टमध्ये कांदा आधीच शिजलेला असतो, ऐनवेळी काढता येत नाही. साधी मशरूम ऑन टोस्ट किंवा भाजलेल्या भाज्यांचं सॅलड आधी सांगून ठेवलं तर आनंदाने करतात. मशरूमही न खाणारे असतील तर तेही सांगा.

चीजबद्दल एवढं लक्षात ठेवा की अस्सल पार्मेजान, ग्राना पादानो आणि ग्रुएर यांत वासराचं रेनेट असतंच, ती त्यांची ठरलेली कृती आहे. स्वतःला शाकाहारी म्हणवणाऱ्या पबच्या मेन्यूवर ‘पार्मेजान’ असा शब्द दिसला तर थांबून विचारा. काळजी घेणारा आचारी तिथे ‘इटालियन पद्धतीचं कडक चीज’ असं लिहितो. चेडर बऱ्याचदा सूक्ष्मजीवी रेनेटचं असतं. टेबलावरच्या बाटल्यांतही पाहा: वुस्टर सॉसच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासा आहे. शेफील्डचं ‘हेंडरसन्स रेलिश’ दिसायला तसंच, पण त्यात मासा नाही.

गोडाला क्रम्बल मागवा. गरम सफरचंद, वर लोणी-साखर-मैद्याचा भुगा, आणि कस्टर्ड. कस्टर्डमध्ये अंडं असतं म्हणून घाबरू नका, आधी कोणतं ते विचारा. पावडरचं असेल तर ते बिनअंड्याचं असू शकतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली कस्टर्ड पावडर शोधली तीच पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून.

पैसे

पेयांसाठी तिथे ‘राउंड’ची पद्धत आहे: एक जण सगळ्यांचं घेऊन येतो, मग दुसऱ्याची पाळी. सहा जणांत प्रत्येकाने पाळी घ्यायची म्हटलं तर सहा पेये होतात, दुपारी ते कुणालाच झेपत नाही. दोघा-तिघांचे छोटे गट करा. लाइम-सोडा पिणाऱ्याला वाइनवाल्यांच्या राउंडमध्ये ओढू नका. जेवणाचं बिल वेगळं ठेवा आणि ऑर्डर देतानाच ज्याचं त्याने भरावं, नंतरची वाटणी वाचते. आपल्याकडची ‘आज मी देतो’ची ओढाताण काउंटरवर सुरू झाली की मागे लोक खोळंबतात. ज्याला द्यायचंच आहे त्याने आधी एकट्याने जाऊन कार्ड ठेवून यावं.

काउंटरवर मागवलेल्या पेयावर टीप देत नाहीत. फार आपुलकीने वागवलं असेल तर ‘आणि एक तुमच्यासाठी’ म्हणण्याची रीत आहे. टेबलावर वाढलं असेल तर बिलात सेवाशुल्क धरलेलं आहे का ते आधी पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची रक्कम कामगारांना पूर्ण देणं मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे आता मी ती निर्धास्तपणे देतो.

उठण्याआधी

जेवण संपलं म्हणून कुणी उठवत नाही. दोन-अडीचनंतर गर्दी सरते, कोपऱ्यातल्या कुत्र्याला झोप लागते, आणि खऱ्या गप्पा तेव्हा सुरू होतात. आरक्षण किती वाजेपर्यंतचं आहे तेवढं मात्र पाहून ठेवा. टेबल सोडावं लागलं तर बाहेरच्या बागेत किंवा काउंटरजवळच्या खुर्च्यांवर हलता येतं. चहा बऱ्याच पबमध्ये मिळतो, भांड्यातला, दूध वेगळं.

निघताना रिकामे पेले उचलून काउंटरवर नेऊन ठेवा. ते बंधन नाही, पण काउंटरपलीकडच्या माणसाला बरं वाटतं. कांदा-लसणाशिवाय काहीतरी करून दिलेल्या आचाऱ्यासाठी काउंटरवरच्या माणसाजवळ निरोप ठेवा, पदार्थाचं नाव घेऊन. आमच्या जैन मैत्रिणीने एकदा असा निरोप ठेवला होता. पुढच्या वेळी फोन केला तेव्हा पलीकडून त्यांनीच विचारलं, ‘ती कांदा न खाणारी मैत्रीण येणार आहे का?’